मागच्या माणसाची सीट

मोटारसायकलच्या सीटचा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असायचं. कंपनीने दिली आहे तीच ठेवा, फारच टोचत असेल तर वरून थोडा फोम वाढवून घ्या, बाकी अंगवळणी पडतं. गाडी घेताना मी इंजिन बघायचो, ब्रेक बघायचो, टायरचं माप विचारायचो. सीटकडे नजर जायची ती रंगापुरती. आज मी या मताचा राहिलेलो नाही. सीट बदलावी, विचार करून बदलावी आणि ती निवडताना पहिला शब्द मागे बसणाऱ्याचा असावा, असं मला आता ठामपणे वाटतं. हे मत कसं पालटलं ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या जुन्या मताची माणसं मला रोज भेटतात.

त्या जुन्या मताला आधार होता. आमच्या पिढीने डबलसीट प्रवास केला तो शंभर सीसीच्या गाड्यांवर. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर. सीट लांब, सपाट, एकसंध. पुढचा टाकीकडे सरकायचा, मागचा कॅरियरकडे आणि मधे बाजाराची पिशवी मावायची. साडीतली बाई एका बाजूला बसली तरी तिला टेकायला पुरेशी जागा असे. सातारा-वाई, कराड-पाटण अशी अंतरं आणि वेगही बेताचा. सीटबद्दल कोणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. तक्रार नाही म्हणजे प्रश्नच नाही, असं मी धरून चाललो.

पुढे गाड्या बदलल्या. २००१ साली बजाजची पल्सर आली आणि तरुणांना जोरकस गाडीची ओढ लागली. टाक्या फुगल्या, शेपट्या वर उचलल्या गेल्या, काही गाड्यांच्या सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा उंच नि अरुंद झाला. २००९ साली रॉयल एनफील्डच्या क्लासिकने उलट वाट धरली. चालकाची स्वतंत्र बैठी सीट आणि मागे वेगळी छोटी सीट, ही जुन्या काळची मांडणी तिने परत आणली. दोन्ही घाट देखणे, पण मागच्याच्या वाट्याची जागा दोन्हींत त्या लांब सीटच्या मानाने कमी. दरम्यान प्रवासही लांबले. पुण्याहून कोल्हापूर, पुण्याहून गणपतीपुळे असं डबलसीट जाणं नेहमीचं झालं. माझं मत मात्र सातारा-वाईच्या अंतराचंच राहिलं होतं.

शिवाय सोसण्याला आमच्या लोकांत मान आहे. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची ‘सॅडलसोर १०००’ ही कसोटी आपल्याकडचेही रायडर देतात : २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर. अशा गप्पा ऐकल्या की पाठ-कंबर दुखण्याबद्दल बोलणं कमीपणाचं वाटे. खरं तर इतकं अंतर कापणारी माणसं सीटचा जितका बारकाईने विचार करतात, तितका रोज ऑफिसला जाणारा करत नाही. त्यांच्या जिद्दीचं मला कौतुक होतं, त्यांच्या सीटची मी कधी चौकशी केली नव्हती.

विचार करायला लावलं ते बायकोच्या एका सवयीने. कोकणातली सागरी वाट आमच्या दोघांच्या आवडीची. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी त्या वाटेवर लागतात. जेटीवर गाड्यांची रांग लागली की मी गाडीवरच बसून राहायचो. ती उतरायची, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, बोटीतही कठड्याला टेकून उभीच. पलीकडे गाडी उतरली की परत बसायला वेळ लावायची. पुढे पुढे ती म्हणू लागली, “तुम्ही गाडीने व्हा पुढे, मी एसटीने येते गुहागरला.” उन्हाचा त्रास होत असेल, असं मी समजलो. शेवटी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, गाडीचा कंटाळा नाही मला. पण त्या सीटवर अर्ध्या तासात पाय बधिर होतो. मग समुद्र दिसला काय नि न दिसला काय!”

मी पुढे बसून तोच रस्ता मजेत पार करत होतो. गाडी एकच, खड्डे तेच, आणि दोघांचा प्रवास इतका वेगळा कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. तिथे फोम कापून सीट बनवणाऱ्या एका कारागिराकडे आम्ही दोघं गेलो. मी माझी मागणी सांगायला लागलो : मऊ पाहिजे, जाड पाहिजे, रुंद पाहिजे. त्याने ऐकून घेतलं, गाडी डबल स्टँडवर लावली आणि म्हणाला, “वहिनी, तुम्ही बसा. दादा, तुम्हीही बसा पुढे, हँडल धरून, नेहमीसारखे.” मग तो खाली वाकला आणि बाजूने बघत राहिला. तिचा गुडघा किती मुडपतो, मांडीचा कोणता भाग सीटला टेकतो, कोणता अधांतरी राहतो, हे त्याने दोन्हीकडून पाहिलं. तिच्या बसण्याच्या जागेभोवती खडूने रेघ ओढली. आम्हाला उतरवून त्या रेघेच्या आत अंगठा दाबला, तर तो सहज खाली गेला आणि तळाला लागला. रेघेच्या बाहेर मात्र फोम अजून ताठ होता. “जिथं माणूस बसतो तिथलाच फोम मेलाय,” तो म्हणाला. आणि मला उद्देशून पुढे म्हणाला, “चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, पायाखाली गिअर-ब्रेक असतात, समोर खड्डा दिसतो. मागच्या माणसाला फक्त सीट असते.”

माझं मत पालटलं ते या बोलण्याने. नंतर जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं, त्याने ते पक्कं झालं.

चालकाचं वजन सीटवर एकवटत नाही. थोडं हातांवर जातं, थोडं फूटरेस्टवर. खड्डा दिसला की तो नकळत पायांवर जोर देऊन अंग किंचित उचलतो. मागच्याला खड्डा दिसतच नाही, तो आदळल्यावरच कळतो. त्यातून बसण्याची जागा वेगळी. चालक दोन चाकांच्या मधे बसतो, मागचा जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर. त्यामुळे मागचं चाक गतिरोधकावरून उडालं की तो झटका मागच्याला जवळपास पूर्ण बसतो, चालकापर्यंत येईतो त्यातला काही भाग ओसरलेला असतो. म्हणजे जास्त दणका ज्याला, त्यालाच सावरायची साधनं कमी, आणि सीटही बहुधा त्याचीच लहान.

मऊपणाबद्दलचीही माझी समजूत बदलली. बसल्यावर आपला भार मुख्यतः दोन हाडांवर येतो, कुल्ह्यांच्या तळाशी असलेल्या बैठकीच्या हाडांवर. फोम फार मऊ असेल तर मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशी ही हाडं त्यात रुततात आणि तळाच्या कडक बेसपाशी पोचतात. मग सगळा दाब त्या दोन ठिकाणी. कडेचा फोम वर येऊन मांड्यांच्या आतल्या बाजूला रेटतो, रक्तप्रवाह अडतो, नस दाबली जाते आणि पायाला मुंग्या येतात. घट्ट फोम हाडाला वरच तोलून धरतो आणि भार आजूबाजूच्या मांसल भागावर वाटून देतो. हादऱ्यांचंही तसंच. इंजिनाची बारीक थरथर बहुतेक फोम शोषून घेतो. पण उभ्या दिशेचे ४ ते ८ हर्ट्झच्या आसपासचे हेलकावे, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वरखाली, पाठीच्या कण्याला सर्वात जास्त जाणवतात आणि जाड, लुसलुशीत सीट त्यांना कमी करण्याऐवजी कधी कधी वाढवते. दुकानात दोन मिनिटं सुखाची वाटणारी सीट घाट चढेपर्यंत छळायला लागते ती यामुळे. कॅलिफोर्नियातली कॉर्बिन ही सीट बनवणारी कंपनी अनेक दशकं घट्ट फोमचाच पुरस्कार करत आली आहे.

बाजारात ‘हाय डेन्सिटी’ हा शब्द सर्रास फेकला जातो. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. त्यावर फोम किती वर्षं टिकेल, किती लवकर बसेल, हे अवलंबून असतं. बसताना तो किती घट्ट लागेल, हे वेगळं मोजमाप आहे. घनता जास्त आणि स्पर्श मऊ असा फोम मिळतो, घनता कमी आणि स्पर्श कडक असाही मिळतो. दुकानदाराला दोन्ही विचारावं. घनतेत काटकसर करू नये, घट्टपणा आपल्या वजनाप्रमाणे ठरवावा. साठ किलोच्या माणसाला नेमकी वाटणारी सीट नव्वद किलोच्या माणसाखाली तळाला टेकते. आमच्याकडे पुढचा आणि मागचा माणूस वेगळ्या वजनाचे, म्हणून फोमही दोन वेगळ्या घट्टपणाचा घातला. एकाच सीटमध्ये हे करता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

कारागिराने आणखी जे केलं ते सगळं मागच्या जागेपासून सुरू झालं. मागची बैठक रुंद केली आणि थोडी उचलली, त्यामुळे तिचे गुडघे आधीइतके मुडपून राहत नाहीत. फार उचलली असती तर ती वाऱ्यात आली असती आणि गाडीही वरून जड झाली असती. बैठकीचा उतार काढला, कारण पुढे उतरती सीट असली की प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस चालकावर सरकतो आणि चालक टाकीवर. दोन्ही जागांच्या मधे छोटी पायरी ठेवली, ती माझ्या कंबरेला टेकू देते. माझ्या वाट्याची सीट मागे रुंद आणि टाकीजवळ निमुळती झाली. हे निमुळतेपण महत्त्वाचं आहे. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात आणि उंची तेवढीच असूनही पाय जमिनीला कमी पोचतात. मागे माणूस डाव्या फूटरेस्टवर पाय देऊन चढत असतो तेव्हा गाडी डावीकडे झुकते आणि त्या क्षणी चालकाचे पाय पक्के टेकलेले असणं ही सुरक्षेची बाब आहे. कव्हरला किंचित खरखरीत रेग्झिन घेतलं आणि शिलाईची जोड बसण्याच्या जागेवरून काढून कडेला नेली. जाड शिवण लांबच्या प्रवासात बोचते आणि पावसात पाणी आत जातं ते तिथूनच.

नव्या प्रकारांचीही मी चौकशी केली. मेमरी फोमचा शोध १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानातल्या आसनांच्या कामातून लागला. तो उष्णतेने मऊ आणि थंडीत कडक होतो. काळी सीट उन्हात तापणाऱ्या आपल्या मुलखात त्याचा पातळ थर चालतो, पूर्ण सीट त्याची करणं मला पटलं नाही. जेलचा थर दाब चांगला वाटून देतो, पण एकदा तापला की लवकर निवत नाही, त्यामुळे सावलीत गाडी लावायची सोय नसेल तर तो अडचणीचा. हवेच्या गादीने मला सर्वात जास्त विचारात पाडलं. एअरहॉकसारख्या गाद्यांचं मूळ व्हीलचेअरवरच्या रुग्णांना बेडसोर होऊ नयेत म्हणून बनवलेल्या उशांमध्ये आहे. एकमेकींना जोडलेल्या छोट्या कप्प्यांतून हवा फिरते आणि दाब सगळीकडे सारखा पसरतो. बहुतेक जण तिच्यात हवा जास्त भरतात आणि मग ती डुलते. हाड तळापासून एखाद-दीड सेंटिमीटर वर राहील इतकीच हवा हवी. कारखान्याची सीट न छेडता लांबच्या प्रवासापुरता आराम हवा असेल तर मागच्या माणसाखाली अशी गादी हा चांगला उपाय आहे.

आपल्याकडच्या सीटला एक वेगळी कसोटी आहे आणि परदेशी माहितीत ती सापडत नाही. आपल्या आया, मावश्या, सासवा एका बाजूला बसतात. दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित आहे आणि लांबच्या प्रवासाला तसंच बसावं, हे मी घरात आग्रहाने सांगतो. पण साडीतल्या आईला देवळात सोडायचं असतं, ते या सीटवरूनच. आडवं बसलेल्या बाईला मांडीखाली आधार मिळतो तो सीटच्या रुंदीएवढाच. उंच, अरुंद मागच्या सीटवर ती अक्षरशः कडेवर टेकलेली असते, सीटची डावी धार मांडीत रुतते, कंबर डावीकडे आणि तोंड पुढे अशा पिळात पाठ धरून ठेवावी लागते. सपाट, रुंद आणि डाव्या कडेला गोलाई दिलेली सीट इथे मोठा फरक पाडते. आईने नव्या सीटवर बसून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझा खांदा घट्ट आवळून न धरता आली.

कायद्यालाही मागच्या माणसाची जाणीव आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ प्रमाणे चालकाशिवाय एकच माणूस नेता येतो आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवरच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागच्यासाठी धरायला कायमची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण बंधनकारक करतो. नवं कव्हर शिवताना सीटवरचा धरायचा पट्टा गाळला जातो, हौसेपायी साडी गार्ड आणि मागचं हँडल काढलं जातं, असं मी पुष्कळ गाड्यांवर पाहतो. सीट आरामदायी करताना धरायची जागा गेली तर केलेलं सगळं वाया. पट्टा परत बसवून घ्यावा, आणि सीटचं कुलूप नीट अडकतं ना, सीट हलत नाही ना, हे दुकानातच तपासावं.

जुन्या मतातला काही भाग मी आजही सोडलेला नाही. कंपनीची सीट साच्यात ओतलेल्या फोमची असते, तिचा बेस गाडीला चपखल बसतो आणि पाणी आत शिरत नाही. ती फाडून प्रयोग करण्यापेक्षा शक्य असेल तर दुसरा बेस घेऊन त्यावर नवी सीट बनवावी आणि मूळ सीट घरात जपून ठेवावी. अनेक कंपन्या स्वतःच लांबच्या प्रवासाची वेगळी सीट विकतात, ती आधी बसून पाहावी. आणि सगळा दोष सीटच्या माथी मारू नये. डबलसीट निघताना मागचे शॉकअप वजनाप्रमाणे एक-दोन खाचा घट्ट करणं, पुस्तिकेत दोघांसाठी दिलेली हवा टायरमध्ये भरणं, तासाभराने उतरून चार पावलं चालणं, हे सीटइतकंच गरजेचं आहे. ज्याला आधीच मणक्याचा किंवा माकडहाडाचा त्रास आहे त्याने कारागिराआधी डॉक्टरांना दाखवावं.

नव्या सीटवर सुरुवातीला मला थोडं कडक वाटलं. सवयीचा मऊपणा गेला होता. घाटात, लांबच्या रस्त्यावर मात्र फरक कळला, आणि तिचा तर चेहराच सांगत होता. उन्हाळ्यात ती अजूनही एसटी पसंत करते. इतर वेळी गुहागर आम्ही डबलसीट गाठतो आणि वाटेत ती मला दाखवते ते पक्षी, मचवे, बांध मी पुढे बसून कधी पाहिलेच नव्हते. मागचा माणूस सुखात असला की चालकालाही त्याचा फायदा होतो. तो सारखा सरकत नाही, त्यामुळे गाडीचा तोल वळणावर अचानक बदलत नाही.

म्हणून आता कोणी गाडी घेताना सल्ला विचारला तर मी सीटपासून सुरुवात करतो. शोरूममध्ये टेस्ट राइड मिळते ती चार चौकांची आणि मागे बसतो तो बहुधा शोरूमचाच मुलगा. ज्या माणसाला त्या सीटवर वर्षानुवर्षं बसायचं आहे तो घरी असतो. हे बदलायला हवं. विकणाऱ्यांनी दोघांना राइड द्यावी आणि घेणाऱ्यांनी ती हक्काने मागावी. सीट करायला जाल तेव्हाही मागे बसणाऱ्याला सोबत न्या, त्याला आधी बसवा, निदान वीस मिनिटं बसवा. तो “चालेल” म्हणाला की तेवढ्यावर समाधान मानू नका. आपल्याकडे मागे बसणारी माणसं “चालेल” फार लवकर म्हणतात. “दापोलीपर्यंत चालेल का?” असं विचारा आणि त्याचं उत्तर ऐकून मगच पैसे द्या.